तुझं उत्तर कोण तपासणार, ते आधी विचार

‘ताई, मी कागल तालुक्यातल्या एका गावातली. फार्मसीतली सहा वर्षांची फार्म.डी. ही पदवी इंटर्नशिपसकट यंदा पुरी केली. शिक्षण बाहेरगावी झालं. आता कोल्हापुरातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलनं “क्लिनिकल फार्मसी रेसिडेंट” म्हणून, म्हणजे वॉर्डात पेशंटची औषधं तपासायचं काम शिकायला, एका वर्षासाठी बोलावलंय. महिना १५ हजार देणार. त्यांच्याकडं हे यंदाच सुरू होतंय, जागा दोनच आहेत. दुसरीकडं पुण्यातल्या एका कंपनीत फार्माकोव्हिजिलन्सची, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांचे रिपोर्ट तपासायची, नोकरी मिळतेय, पगार जवळजवळ दुप्पट. चुलते म्हणतात, “कशाला फिरतीस, माझ्या मेडिकलला तुझं लायसन्स लाव, घरबसल्या पैसे देतो.” आई स्थळं बघतेय. शिक्षणाचं कर्ज आहे. बाबा काहीच बोलत नाहीत, ते मला जास्त लागतं.

इंटर्नशिपमध्ये मी राऊंडला सगळ्यात मागं उभी असायची. एकदा एका मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “तुम्ही मेडिकलवाल्या इथं काय करता?” मला उत्तर देता आलं नाही. सहा वर्षं शिकून पुन्हा एक वर्ष शिकाऊच राहायचं का? माझी मैत्रीण अमेरिकेतल्या रेसिडेन्सीची तयारी करतेय. ती म्हणते, इथल्या रेसिडेन्सीला काही अर्थ नाही. खरं काय?’

पोरी, तुला ‘तू’च म्हणते. तुझ्या वयाच्या कितीतरी मुली माझ्या शेजारी उभ्या राहून काम शिकल्या आणि आपापल्या वाटेनं गेल्या.

चुलत्यांचा विषय आधी संपवू, कारण त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही. लायसन्स लावायचं म्हणजे भिंतीवर तुझं सर्टिफिकेट टांगायचं आणि काउंटरवरून औषधं दुसऱ्याच कुणीतरी द्यायची. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलम सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनंच द्यायचं. उद्या त्या काउंटरवरून एखाद्या गरोदर बाईला नको ते औषध गेलं, तर तू घरी भाकऱ्या थापत असलीस तरी कागदावर देणारी तूच असशील. चुलत्यांचा मान राखून त्यांना नाही म्हण, आणि एकदाच म्हण, म्हणजे दर दिवाळीला विषय निघायचा नाही. तू स्वतः रोज दुकानात उभी राहणार असशील तर गोष्ट वेगळी. गावातलं मेडिकल नीट चालवणं हे मोठं काम आहे. पण तुझ्या पत्रात तुझं मन तिकडं ओढ घेतंय असं मला कुठं दिसलं नाही. ते वॉर्डात अडकलंय.

म्हणून वॉर्डाचंच बोलते, पण त्याआधी माझी एक गोष्ट सांगते. सांगताना मला अजून त्रास होतो.

मी नोकरीला नवीन होते. एका हॉस्पिटलच्या औषधांच्या काउंटरवर होते, ते कुठलं ते राहू दे. राधानगरीकडची एक बाई संधिवाताची चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट होतं, अडीच मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, आठवड्यातून एकदा. ‘आठवड्यातून’ हा शब्द डॉक्टरांनी इतका आखूड करून लिहिला होता की घाईत तो मी वाचलाच नाही. खिडकीबाहेर तीसेक माणसं उभी होती. पाकिटावर लिहिलं, ‘३ गोळ्या, दिवसातून एकदा’. नऊ दिवसांनी ती बाई परत आली तेव्हा तोंड आतून सोलून निघालं होतं, पाण्याचा घोट गिळता येत नव्हता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स खूप खाली आल्या होत्या. तिला ॲडमिट केलं, उतारा म्हणून ल्युकोव्होरिन दिलं, आणि बऱ्याच दिवसांनी ती सावरली. वाचली, एवढंच माझं नशीब.

मला हे वॉर्डातल्या एका सिस्टरनं जिन्यात सांगितलं. कुणी रागावलं नाही, कुणी बोलावून घेतलं नाही. पुढच्या वेळी अशी चिठ्ठी आली तर काय करायचं, हे सुद्धा कुणी शिकवलं नाही. मी आपली दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत उभी राहिले. चूक माझीच होती, मी ती कुणावर ढकलत नाही. पण मी निर्णय घेत असताना शेजारी उभं राहून ‘थांब, हे परत वाच’ म्हणणारं माणूस मला मिळालं नव्हतं. तुझ्या पत्रातला प्रश्न मला तिथंच घेऊन जातो. रेसिडेन्सीचं वर्ष म्हणजे माझ्या दृष्टीनं ते माणूस मिळणं. ते मिळत असेल तर १५ हजारांत सुद्धा वर्ष घाल. मिळत नसेल तर मोठ्या हॉस्पिटलचं नाव आणि गळ्यातलं ओळखपत्र यांचा तुला काडीचा उपयोग नाही.

तू म्हणशील, इंटर्नशिपमध्ये हेच तर झालं. झालं का? २००८ च्या फार्म.डी.च्या नियमांत सहावं वर्ष कसं आखलंय ते आठव. सहा महिने जनरल मेडिसिन, मग तीन वेगवेगळ्या विभागांत दोन-दोन महिने. नियमांत त्याला ‘इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी ट्रेनिंग’ असंच म्हटलंय आणि विद्यार्थ्यानं वॉर्डात स्वतंत्रपणे काम करावं अशी अपेक्षाही लिहिलीय. कागद चांगलाच आहे. पण तू सगळ्यात मागं उभी होतीस म्हणतेस. केसपेपर पाहायचा, वहीत उतरवायचा, संध्याकाळी कॉलेजच्या फॉर्मात भरायचा, आणि पेशंटवर त्याचा कसलाच परिणाम नाही. ते बघणं झालं. तुझं सुचवणं मान्य झालं आणि पेशंटला फरक पडला, किंवा तुझं सुचवणं चुकीचं निघालं आणि कुणीतरी ते वेळेवर अडवलं, असं किती वेळा झालं ते बोटांवर मोजून बघ.

रेसिडेन्सी हा शब्द आला कुठून तेही सांगते, म्हणजे मैत्रिणीचं म्हणणं नीट तोलता येईल. अमेरिकेत हॉस्पिटलच्या फार्मासिस्टांना असं ट्रेनिंग देण्याची सुरुवात १९२७ साली मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलात हार्वे व्हिटनी यांनी केली. तेव्हा त्याला इंटर्नशिपच म्हणत. तिथल्या हॉस्पिटल फार्मासिस्टांच्या संघटनेनं १९६० च्या दशकात त्याला रेसिडेन्सी म्हणून मान्यतेचे नियम घालून दिले. आज तिथं पदवीनंतर पहिलं वर्ष वेगवेगळ्या विभागांतून फिरण्याचं असतं. ज्याला हवं तो दुसरं वर्ष एकाच विषयाला देतो, म्हणजे कॅन्सर, आयसीयू, लहान मुलं, जंतुसंसर्ग असं काही. वर्षभर कुठल्या ना कुठल्या अनुभवी फार्मासिस्टच्या हाताखाली राहायचं, आणि त्या शिकवणाऱ्यानं कसं शिकवायचं हेही त्यांनी ठरवलंय. आधी समजावून सांगायचं, मग स्वतः करून दाखवायचं, मग शेजारी उभं राहून करवून घ्यायचं, आणि शेवटी मागं सरकून फक्त नजर ठेवायची.

तुझ्या घरी ऊस असणार, म्हणून गुऱ्हाळाचं सांगते. काहिलीत रस उकळताना भेंडीचा चीक घालून मळी काढणं, जाळ कमी-जास्त करणं, हे नवा माणूस आठ-पंधरा दिवसांत शिकतो. पण काहील कधी उतरवायची हे गुळव्याच ठरवतो. दोन मिनिटं इकडं-तिकडं झाली की अख्खं आदण वाया जातं. नव्या माणसाला तो निर्णय घ्यायला देतात तेव्हा जुना गुळव्या हात मागं बांधून तिथंच उभा असतो. तो बोलत नाही, पण हलत पण नाही. चौथी पायरी म्हणजे तेच. आपल्याकडच्या फार्मसीच्या शिक्षणात पहिल्या दोन पायऱ्या कशाबशा होतात, तिसरी क्वचित होते, आणि चौथी मी फार थोड्या ठिकाणी पाहिलीय.

फार्म.डी.नंतरच्या रेसिडेन्सीला आपल्याकडं अमेरिकेसारखं देशभर चालणारं एकच माप नाही. एखादं हॉस्पिटल मनापासून शिकवतं, आणि दुसरं कुठलं तरी रात्रपाळीला स्वस्तात माणूस मिळावा म्हणून त्याच नावाची पाटी लावतं. तेव्हा मैत्रीण अर्धं खरं बोलतेय. ‘रेसिडेंट’ या नावाला इथं अर्थ नाही, अर्थ असला तर तो आत काय चालतं त्याला. आणि तुझ्या हॉस्पिटलात हे पहिल्यांदाच सुरू होतंय, म्हणजे ‘मागच्या वर्षीच्या मुलीला विचारून बघ’ असंही मला सांगता येत नाही. तुलाच जाऊन विचारावं लागेल.

तर जा. फोनवर विचारू नकोस, समोर बस. पहिला प्रश्न हाच विचार: मी दिवसभरात जे सुचवीन ते त्याच दिवशी कोण तपासणार? नाव माग. ‘आमचे सगळे डॉक्टर मदत करतील’ हे उत्तर नव्हे. डॉक्टर चांगले असतात, मदत करतातही, पण ओपीडी, ऑपरेशन आणि राऊंड यांतून तुझी वही बघायला त्यांना वेळ कुठला? तिथं क्लिनिकल काम करणारा निदान एक अनुभवी फार्मासिस्ट हवा, आणि तुझ्यासाठी त्याच्या दिवसातला ठरलेला वेळ हवा, भले अर्धा तास का असेना. हे उत्तर समाधानाचं आलं नाही तर पुढचं काही विचारायची गरज नाही. चहा पिऊन ये.

आलं, तर पुढं विचार की मी लिहिलेलं केसपेपरला लागणार का. वेगळ्या रंगाचा एक कागद फाइलमध्ये असला तरी चालेल, पण तुझं म्हणणं तुझ्या सहीनं पेशंटच्या कागदपत्रांत असायला हवं. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. लिहून सही केली की माणूस आपोआप दुसऱ्यांदा विचार करतो. औषधांबाबतच्या समितीत बसता येईल का, तेही विचार. हॉस्पिटलकडं एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन, असेल किंवा त्याची तयारी चालू असेल, तर औषधांच्या व्यवस्थापनाचं एक अख्खं प्रकरणच त्या निकषांत आहे आणि त्यासाठी त्यांना तुझ्यासारखं माणूस हवंच आहे. मात्र तुझं सगळं वर्ष रजिस्टरं भरण्यात जाऊ नये, यावर लक्ष ठेव.

काउंटर आणि स्टोअरचं काम किती, हे जरूर विचार, पण ते पूर्ण नाकारू नकोस. अमेरिकेतले रेसिडेंट सुद्धा ठरलेल्या शनिवार-रविवारी फार्मसीत उभे असतात. वॉर्डाचं इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, कसं येतं, फ्रिजचं तापमान रात्री कोण बघतं, अमुक इंजेक्शन संपलं तर दुसरं काय देता येतं, हे ज्याला माहीत नाही तो वॉर्डात हवेतल्या गोष्टी सुचवतो. आठवड्यातला एक दिवस काउंटर असेल तर चांगलंच. चार दिवस असेल तर ती काउंटरची नोकरी झाली, मग तिचा पगार काउंटरच्या नोकरीएवढा माग.

आणि एक. मूळ प्रमाणपत्रं कुणी जमा करून मागितली तर देऊ नकोस. झेरॉक्स दे, मूळ दाखव आणि परत पिशवीत घाल. बाँड असेल तर घरी आणून वाच, बाबांना वाचून दाखव, मगच सही कर. मध्येच सोडावं लागलं तर काय, ते त्यात लिहिलेलं असतं.

आता त्या मोठ्या डॉक्टरांच्या प्रश्नाकडं येते. तुला तो टोचला, टोचणारच, सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं. पण प्रश्नाचं उत्तर मात्र तुझ्याकडं हवंच, आणि ते पदवीचं नाव सांगून द्यायचं नसतं. एक उदाहरण देते. समज, पायात रक्ताची गाठ झालेल्या ७८ वर्षांच्या आजी आहेत, वजन ३८ किलो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाची रक्ततपासणी, १.१ आलंय. रिपोर्टवर ते नॉर्मलच्या रकान्यात बसतं, म्हणून कुणाची नजर थांबत नाही. रक्त गोठू न देणारं एनोक्सापॅरिनचं इंजेक्शन ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू आहे. तू किडनी किती काम करते ते काढायचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र लाव. १४० वजा ७८ म्हणजे ६२, गुणिले ३८, भागिले ७२ गुणिले १.१, आणि बाई म्हणून ०.८५. येतात साधारण २५, हाच क्लिअरन्स. म्हणजे त्या आजींची किडनी वाटते तेवढी काम करत नाही. क्लिअरन्स ३० च्या खाली गेला की हे इंजेक्शन किलोला १ मिलिग्रॅम या हिशेबानं दिवसातून एकदाच द्यायचं असतं. दोनदा देत राहिलं तर अंगात साठतं आणि रक्तस्राव होऊ शकतो.

हे राऊंडला कसं बोलायचं? पुस्तक उघडायचं नाही, ‘गाइडलाइननुसार’ असंही सुरू करायचं नाही. ‘सर, बारा नंबरच्या आजींचं वजन ३८ आहे, क्लिअरन्स २५ येतोय. एनोक्सापॅरिन दोनदा चालू आहे, एकदा करायचं का?’ पेशंट, एक आकडा, एक उपाय, आणि विचारण्याचा सूर. पंधरा सेकंदांत संपतं. शक्य असेल तर राऊंडच्या आधीच युनिटच्या रेसिडेंट डॉक्टरला सांग, म्हणजे त्यालाही सरांसमोर अवघडल्यासारखं होणार नाही. तो रात्रभर जागा असतो, त्याच्याशी तुझी मैत्री हवी. अशी चार बरोबर वाक्यं गेली की पाचव्या दिवशी सर स्वतः मागं वळून विचारतात, ‘फार्मसीचं काय म्हणणं आहे?’ आणि एखादं वाक्य चुकलं तर त्याच दिवशी जाऊन ‘सर, सकाळचं माझं चुकलं’ म्हणायचं. माझ्या अनुभवात डॉक्टरांचा विश्वास बरोबर वाक्यांनी जेवढा बसला, त्याहून जास्त या एका वाक्यानं बसला.

आणि सिस्टर! सिस्टरांशी नीट वागली नाहीस तर वॉर्डात तुझं काही चालणार नाही. औषध पेशंटच्या अंगात जातं ते त्यांच्या हातून. फिट्सवरचं फेनिटॉइन ग्लुकोजच्या सलाईनमध्ये घातलं की साका बसतो, ते नॉर्मल सलाईनमध्येच द्यायचं. बुरशीवरच्या ॲम्फोटेरिसिनचं बरोबर उलटं, ते डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे ग्लुकोजच्या सलाईनमध्येच. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत हे ॲम्फोटेरिसिन सगळ्यांच्या तोंडी होतं. तेव्हा साधं आणि लायपोसोमल (चरबीच्या बारीक कणांत घातलेलं) यांत गोंधळ होणं किती घातक होतं ते बघ. साध्याचा डोस किलोला साधारण १ मिलिग्रॅम, लायपोसोमलचा ५. नाव एक, बाटली वेगळी. लायपोसोमलचा डोस साध्या बाटलीतून गेला तर पेशंट दगावू शकतो. अशा गोष्टींचा एक तक्ता मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहून औषधांच्या ट्रॉलीवर चिकटव. चिकटवण्याआधी सिस्टर-इन-चार्जना वाचून दाखव आणि त्यांनी सुचवलेलं एखादं त्यात घाल. मग तो तक्ता कुणी काढत नाही.

कोल्हापूर सोडून मोठ्या शहरात जावं का, असं तू विचारलं नाहीस, पण मनात असेल म्हणून सांगते. शिकायला कोल्हापूर कमी नाही. इथं पेशंट फक्त शहरातला येत नाही. कोकणातून घाट चढून माणसं येतात, निपाणी-चिकोडीकडची येतात, सांगलीकडची येतात. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि त्यात तीन डॉक्टरांच्या गोळ्या. ती पिशवी कॉटवर रिकामी करायला लाव आणि एकेक पट्टी हातात घेऊन बघ. निपाणीच्या डॉक्टरांनी दिलेली शुगरची गोळी आणि इथल्या डॉक्टरांनी दिलेली गोळी, कंपनीची नावं दोन आणि आतलं ग्लिमेपिराइड एकच. माणूस दोन्ही घेतो आणि पहाटे घामानं डबडबून बेशुद्ध होतो. पिशवीच्या तळाशी बिनानावाची काळी पुडी असते, गावातल्या कुणीतरी सांधेदुखीला दिलेली. तीत स्टिरॉइड असू शकतं, म्हणून ती अचानक बंद करायचीही भीती. हे विचारायला तुझी बोली कामाला येते. ‘तुम्ही आणखी कोणतं औषध घेता का?’ असं विचारलं की आजी नाही म्हणतात. ‘आज्जी, गुडघ्याला कुणाची पुडी-बिडी खाताय काय वो?’ म्हटलं की कनवटीची पुडी बाहेर येते. हे इंग्रजीत शिकलेल्या कितीतरी हुशार मुलांना जमत नाही.

पावसाळ्यात, भाताच्या लावणीत, शाहूवाडी-राधानगरी-गगनबावड्याकडून सर्पदंशाचे पेशंट येतात. तिथं तुझी खरी परीक्षा. लहान मूल आणलं की नवा माणूस वजनाच्या हिशेबानं लस कमी करायला जातो. करायची नाही. साप पोराला कमी विष टोचत नाही, म्हणून सर्पविषावरच्या लसीचा डोस मुलाला आणि मोठ्याला सारखाच. त्याच वेळी ॲड्रेनॅलिन भरलेलं हाताशी हवं, कारण रिॲक्शन सांगून येत नाही. आणि रात्री दोन वाजता दहा व्हायल फ्रिजमध्ये आहेत की नाहीत, ते संध्याकाळीच मोजून ठेवणारं माणूस तू असायला हवीस. औषधाची कसलीही रिॲक्शन दिसली की नोंदव. भारताचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगात त्याचं मुख्य केंद्र आहे, आणि १८००-१८०-३०२४ या फुकटच्या नंबरवरही सांगता येतं. मेडिकल कॉलेजांतून त्याची केंद्रं आहेत.

यावरूनच पुण्याच्या नोकरीचं बोलते. ते काम वाईट नाही. असे रिपोर्ट कुणीतरी वाचावेच लागतात, त्यातूनच औषधांच्या सूचना बदलतात. पण तिथं पेशंट तुला फॉर्मवर भेटेल. ज्यानं आधी वॉर्डात रिॲक्शन आलेला माणूस पाहिलाय, तो तोच फॉर्म वेगळ्या नजरेनं वाचतो. माझ्या मते आधी वॉर्ड, मग पुणे. वर्षानं तुला तिथलं दार बंद होणार नाही, उलट हातात जास्त काही असेल. पण तिकडं दोन-तीन वर्षं बसून मग वॉर्डात परत आलेली माणसं मी फार कमी पाहिली.

कर्जाचं मात्र डोळे उघडे ठेवून बघ, तिथं भावनेनं चालत नाही. बहुतेक शैक्षणिक कर्जात शिक्षण संपल्यावर हप्ता लगेच सुरू होत नाही, पुष्कळदा वर्षभराची सवड असते, व्याज मात्र चढत राहतं. तुझ्या करारात नेमकं काय लिहिलंय ते बँकेत जाऊन बघ. १५ हजारांत कागल-कोल्हापूर एसटीचा पास, डबा घरचा, आणि निदान व्याजापुरते पैसे दर महिन्याला भरता येतात का, कागदावर मांड. बसत असेल तर रेसिडेन्सी घे. अजिबात बसत नसेल आणि घरात दुसरी कसलीच आवक नसेल तर पुण्याला जा, आणि जाताना मनात कमीपणा ठेवू नकोस. कर्ज फेडणं हेही तुझंच काम आहे.

अमेरिकेचं थोडक्यात सांगते. तिथं परदेशी पदवीधराला आधी तिथल्या फार्मसी बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी कागदपत्रांची छाननी, एक मोठी परीक्षा आणि इंग्रजीची टोफेल. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना किमान पाच वर्षांचा फार्मसीचा अभ्यासक्रम लागतो. तिथं चार वर्षांची बी.फार्म. अडते, तुझी सहा वर्षं चालतात. त्यानंतर राज्याचं इंटर्न लायसन्स, परवान्याच्या परीक्षा, आणि रेसिडेन्सीसाठी तिथल्याच मुलांशी स्पर्धा. उमेदवार हॉस्पिटलांचा क्रम लावतात, हॉस्पिटलं उमेदवारांचा, आणि संगणक जोड्या जुळवतो. व्हिसाची जबाबदारी घेणारं हॉस्पिटलही मिळायला हवं. मैत्रिणीला जमो, मनापासून. तुला कधी जावंसं वाटलं तर इथं वॉर्डात काढलेलं वर्ष वाया जाणार नाही, कारण ते मुलाखतीत पेशंटबद्दलच विचारतात. पण तुझ्या पत्रात अमेरिका ही तुझी इच्छा म्हणून आलेली नाही. मैत्रिणीच्या बोलण्यानं मन खट्टू झालं, म्हणून आलीय. तेवढ्यासाठी चार वर्षं आणि लाखो रुपये घालू नकोस.

आईला स्थळं बघू दे. फक्त तिला एवढं सांग की बघायला येणाऱ्यांना ‘मुलगी हॉस्पिटलात आहे, नोकरी करणार आहे’ हे पहिल्याच बैठकीत सांगायचं. गाळणी आपोआप लागते.

आणि बाबा. ते बोलत नाहीत म्हणजे रागावलेत असं तू धरून चाललीयस. मला तसं वाटत नाही. सहा वर्षं फी भरली, आणि अजून मुलगी नक्की काय करते हे गावात कुणी विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. ‘डॉक्टर नव्हे, मेडिकलवाली पण नव्हे’ एवढंच त्यांना ठाऊक. त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही. एकदा संध्याकाळी त्यांच्या बीपीच्या, आजीच्या शुगरच्या सगळ्या पट्ट्या घेऊन त्यांच्यासमोर बस. कुठली कशासाठी, कुठली जेवणाआधी, कुठल्या दोन एकत्र नकोत, त्यांच्या डॉक्टरांना काय विचारायचं, सगळं सांग. मग म्हण, ‘बाबा, मी हॉस्पिटलात हेच करणार, पण फार आजारी माणसांसाठी.’ त्यांना समजेल. मग रेसिडेन्सीचं विचार.

हॉस्पिटलात जाऊन ते पहिल्या प्रश्नाचं काय उत्तर देतात, ते मला कळव. नाव मिळालं आणि तू रुजू झालीस, तर पहिल्या दिवशी ॲप्रनच्या खिशात मावेल अशी रेघी वही घेऊन जा. डाव्या पानावर पेशंटचा बेड नंबर आणि तू काय सुचवलंस ते लिही, पेशंटचं नाव लिहू नकोस. उजवं पान कोरं ठेव. तीन दिवसांनी परत त्या बेडपाशी जाऊन, काय झालं ते उजव्या पानावर लिही. माझ्या पहिल्या वहीत पहिल्याच पानावर डावीकडं मेथोट्रेक्सेट आहे. ती वही मी त्या बाईला घरी सोडलं त्या दिवशी, दसरा चौकात घेतली होती.